न प्यायलेली कॉफी

आमच्या नायेफसाहेबांना 'साहेब' म्हटलेलं खपत नाही. दुबईत नेतृत्वाचा कोर्स करून आल्यापासून एकच घोकतात, "मी बॉस नाही, मी तुमचा सेवक. ठरवायचं ते टीमने." मग पगारही सेवकाचा घ्या ना! ते नाही. रोज मीटिंगला स्वतःच्या हाताने प्रत्येकाला वेलदोड्याची कॉफी ओततात, आणि निर्णयाची वेळ आली की छताकडे बघत बसतात.

जॉर्डनच्या अम्मानमधलं आमचं ऑफिस औषधाच्या वेळा सांगणारं ॲप बनवतं. रमजान तोंडावर आला होता, रविवारी ॲपची नवी आवृत्ती सोडायची होती. तपासताना मला दिसलं, की रोज्याच्या उपवासाची नोंद करूनही इन्सुलिनचा गजर भर दुपारीच वाजतोय. माझे बाबा त्याच गजरावर चालतात. तो वाजला की सुई टोचून घेणार, आणि पोटात पहाटेपासून अन्नाचा कण नाही. साखर उतरून जिवावरच बेतायचं.

"थांबवा हे," मी साहेबांना म्हटलं.

"टीमला विचार, रुदैना."

विचारलं. गजराचं काम मुंझिरचं. तो म्हणाला, "मी थांबवतो गं, पण साहेबांनी सांगू दे." साहेब म्हणाले, "मुंझिरला ठरवू दे." दोन दिवस हाच टोलवाटोलवीचा खेळ! डोकं फिरलं माझं.

गुरुवारच्या मीटिंगला साहेबांनी कॉफी ओतली. मी कप टेबलावर ठेवला.

"पी ना, गार होईल."

"नाही पिणार. माझं मागणं आहे."

आमच्याकडे पाहुण्याने असा कप खाली ठेवला, की मागणं मान्य झाल्याशिवाय तो उचलत नाही. आणि साहेब पडले करक गावचे. तिथे पाहुणा न पिता उठला तर घराण्याचं नाक कापलं जातं.

"अगं, हे ऑफिस आहे! टीमने ठरवायचं..."

"कॉफी टीमने नाही ओतली. तुम्ही ओतलीत."

मुंझिरने हळूच आपलाही कप खाली ठेवला. आला बाबा एकदाचा शुद्धीवर! मग बाकीच्यांनीही ठेवले.

साहेबांना घाम फुटला. किटली हातातच. "पी," ते कसेबसे म्हणाले. "मागणं मान्य. गजर दुरुस्त होईपर्यंत काही सोडायचं नाही."

मी एका घोटात संपवली. गारढोण झाली होती, पण इतकी गोड कधी लागली नव्हती. मुंझिर लगेच कामाला बसला.

रविवारी, आठवड्याच्या पहिल्या दिवशी, ऑफिसात आले, तर किटली गायब. कोपऱ्यात कॉफीचं नवंकोरं मशीन, आणि शेजारी हसतमुख साहेब.

"आजपासून ज्याची कॉफी त्याने घ्यायची," ते म्हणाले. "टीमला स्वातंत्र्य नको का?"