शेवटच्या खोलीतलं दार

मुलांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुम्ही एका मोठ्या, महागड्या हॉटेलात उतरला आहात. गालिचा इतका जाड, की स्वतःचंच पाऊल ऐकू येत नाही. लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना एकसारखी दारं, आणि बोळ जिथे संपतो तिथली खोली तुमची. दिसली? आता त्या खोलीच्या भिंतीत, कपाटाशेजारी, आणखी एक दार आहे असं समजा. शेजारच्या खोलीत जायला असतं तसं. आपल्या बाजूने त्याला पितळी कडी आहे. त्या दारावर लक्ष असू द्या.

स्वरालीचं लक्ष आधी पलंगाकडे गेलं, मग खिडकीकडे, आणि दाराकडे सगळ्यात शेवटी.

स्वराली नऊ वर्षांची. आयर्लंडमधल्या एनिस गावात जन्मली, तिथेच वाढली. तिची शारदाआजी नाशिकहून तीन महिने राहायला आली होती. सगळ्यांनी मिळून स्पेनच्या समुद्रकाठी जायचं ठरलं होतं. हॉटेलसुद्धा पाहून ठेवलं होतं. मग कळलं, की आजीच्या आयर्लंडच्या व्हिसावर स्पेनमध्ये पाऊल ठेवता येत नाही. आई, म्हणजे पूर्वा, म्हणाली, "स्पेन नाही तर नाही. गॉलवेला स्पॅनिश आर्च आहे, तिथे जाऊ." बाबांना सुट्टी मिळाली नाही. म्हणून या तिघीच शहराच्या मधोमध, त्या जुन्या दगडी कमानीजवळच्या हॉटेलात उतरल्या.

"स्पेनला गेल्यासारखंच वाटतंय," आजी खिडकीतून पावसाकडे बघत म्हणाली. "फक्त ऊन तेवढं आणायचं राहिलं."

आजी थट्टेखोर होती, पण त्या तीन महिन्यांत तिला बोलायला कुणी मिळालं नव्हतं. मुलगा-सून दिवसभर कामावर. स्वरालीला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर ती इंग्रजीतून द्यायची. मागे एकदा व्हिडिओ कॉलवर ती म्हणाली होती, "मी आलो." नाशिकची चुलतबहीण सानिका त्यावर पोट धरून हसली. मुलीने 'आले' म्हणायचं असतं, हे स्वरालीला तेव्हा कळलं. त्या दिवसापासून तिने मराठीत तोंड उघडलं नाही. आजीने कधी आग्रह केला नाही. ती मराठीत विचारायची आणि इंग्रजीतलं उत्तर ऐकून घ्यायची.

सकाळी आई नाश्त्याला पुढे गेली. तिच्यामागून निघताना आजीने दारात थांबून रिकाम्या खोलीला सांगितलं, "येते हं." आपल्याकडे निघताना 'जाते' म्हणत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे. गेलेलं माणूस परत यावं, म्हणून 'येते' म्हणायचं. आजी रिकाम्या घरालाही तसं सांगूनच बाहेर पडायची.

त्या कडीच्या दारामागून आवाज आला, "ये."

आजी थबकली. "कोण गं?"

"समवन नेक्स्ट डोर, आजी," स्वराली म्हणाली. "शी सेड येह." तिच्या कानाला ते इंग्रजीतलं 'हो' वाटलं होतं. तिच्या शाळेत सगळे असंच म्हणत.

"येह नाही गं. 'ये' म्हणाली," आजी म्हणाली. तिचा चेहरा एकदम उजळला होता. "आपल्यातलं कुणीतरी आहे पलीकडे."

नाश्ता करून येताना बोळात खोल्या साफ करणारी बाई भेटली. स्वरालीने तिला विचारलं, आमच्या शेजारी कोण राहतं?

"शेजारी?" ती चादरी घडी करता करता म्हणाली. "तुमची खोली शेवटची गं, राणी. तिच्यापुढे नुसती नदी."

"पण आत दार आहे."

"असेल जुन्या काळचं. कडी लावलेली आहे ना? मग ग्रँड, काळजी नाही." असं म्हणून ती गाडी ढकलत निघून गेली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

स्वरालीने खोलीत येऊन खिडकीला गाल टेकवला आणि बाजूला पाहिलं. हॉटेलची भिंत तिथेच संपत होती. खाली काळसर पाणी समुद्राकडे धावत होतं. दाराच्या पलीकडे जी जागा असायला हवी होती, तिथे हवा होती, आणि एक सीगल घिरट्या घालत होता.

तिला आईला सांगायचं होतं. पण आई आजीसाठी लोकरीची टोपी आणायला बाजारात निघाली होती. "आलेच अर्ध्या तासात. आजीला एकटं सोडू नकोस," एवढं सांगून ती गेलीसुद्धा.

स्वराली हात धुवायला बाथरूममध्ये गेली. नळ बंद केला, तेव्हा बाहेर आजी बोलत असल्याचं तिला ऐकू आलं.

"अगं, किती छान बोलतेस. कधी शिकलीस?"

"तू रोज बोलायचीस ना, आजी. ऐकून ऐकून शिकले."

स्वरालीचे ओले हात जागच्या जागी राहिले. तो आवाज तिचा होता. तस्साच बारीक, किंचित घोगरा. फक्त मराठी स्वच्छ होतं, कुठेही न अडखळणारं.

"मग इतके दिवस का नाही बोललीस?"

"लाज वाटायची. इकडे ये ना, आजी. मला गोष्ट सांग. दार उघड."

स्वराली बाहेर धावली. आजी त्या दारापाशी उभी होती, तिचा हात कडीवर होता. दाराच्या फटीतून गालिच्यावर ओल पसरत होती आणि नदीचा वास येत होता. कडी अर्धी सरकलेली होती.

"आजी, डोंट. प्लीज. दॅट्स नॉट मी."

आजीने मान वळवली. डोळ्यांत पाणी होतं, पण नजर लांब कुठेतरी. एखाद्या परक्या मुलीकडे पाहावं तशी ती पाहत होती. "थांब गं जरा," ती म्हणाली. "माझी नात बोलावते आहे."

"ये, आजी," दार म्हणालं.

कडी आणखी सरकली. आजीची बाही ओढण्याइतकी स्वराली जवळ होती, आणि तिने ती ओढलीही. पण आजी हलली नाही. इंग्रजीतून काहीही म्हटलं तरी ते आजीपर्यंत पोचणार नाही, हे स्वरालीला कळलं. सानिकाचं हसणं आठवलं.

"आजी," ती म्हणाली, "मी इथे उभा आहे."

आजीच्या कपाळावर एक बारीकशी आठी पडली.

"माझा मराठी वाईट आहे. पण मी बोलतो."

"बोलते," आजी पुटपुटली. "मुलगी बोलते म्हणते, बाळा. आणि माझं मराठी."

"बोलते," दारामागून लगेच आवाज आला. "माझं मराठी. बघ, मला येतं, आजी."

आजी पुन्हा दाराकडे वळू लागली. स्वरालीच्या लक्षात आलं. त्या आवाजाचं काहीच चुकत नव्हतं. त्याला आजीने काही शिकवायचं उरलंच नव्हतं.

मग स्वरालीने आजीचा मोकळा हात धरला आणि बोळाच्या दाराकडे एक पाऊल मागे टाकलं. तिने येतील तेवढे सगळे मराठी शब्द गोळा केले आणि बोलायला लागली. "आजी, काल मी समुद्र पाहिला, तो फार मोठी होती. माझी शाळा चांगला आहे. आई टोपी आणायला गेला." प्रत्येक वाक्याला ती एक पाऊल मागे जात होती. आणि प्रत्येक वाक्याला आजी, "मोठा होता गं... चांगली आहे... गेली, आई गेली," असं म्हणत तिच्या मागे एक पाऊल येत होती. कडीवरचा तिचा हात पहिल्याच पावलाला सुटला होता.