लक्ष्मणरावांची भाकरी

लक्ष्मणराव आमच्यासोबत डबा खाईनात, म्हणून माझं डोकं फिरलं होतं. खोटं कशाला बोलू, एकदा रडूही आलं. बियाण्याच्या गोदामात आम्ही एकाच टेबलावर काम करतो. मी वजनाचं बघतो, ते बिलाचं. दुपारी सगळ्यांचे डबे मधे उघडायचे, कुणीही कुणाच्याही डब्यात हात घालायचा, ही आमची रीत. आता ते पडले शाकाहारी बामण. म्हणून माझ्या डब्यात कधी बोटभर मटण आलं नाही. घरी मटणाचा नान-खलिया शिजला तरी माझी बायको अनवरी ऑफिसासाठी वेगळी भाजी टाकायची. "लक्ष्मणभाई खातात," म्हणायची. वरून त्यांच्यासाठी शिरा नाय तर गुलगुले.

अन् आता साहेब जेवणाच्या वेळी गायब! विचारलं तर म्हणे, भूक नाही. म्हणे, उपास आहे. अरे, रोजच उपास? समोरच्या टेबलावरचा धम्मपाल हळूच म्हणाला, "जमाना बदललाय बाबा. मनाला लावून घेऊ नको." त्याला काय म्हणायचंय ते मला कळलं, म्हणूनच जास्त झोंबलं.

शेवटी एक दिवस मी मागं मागं गेलो. गोदामामागं, पोत्यांच्या थप्पीआड, पालथ्या क्रेटवर बसून लक्ष्मणराव जेवत होते. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, मटकीची उसळ.

"व्वा!" मी म्हणालो. "उपास जोरात चाललाय!"

घास हातातच राहिला त्यांच्या. "ओवैस, तू समजतोस तसं नाही."

"मग कसं? माझ्या डब्याचा विटाळ व्हायला लागला का? इतकी वर्षं खाल्लं, तेव्हा नाय झाला?"

"तोंड सांभाळ!" ते एकदम उसळले. "साखर तीनशेवर गेलीय माझी. पायाची जखम भरेना. डॉक्टर म्हणतात, गोड बंद करा, भाकरी-पालेभाजी खा, नाहीतर बोट काढावं लागेल."

"मग खा की भाकरी! आम्ही हात धरला का तुमचा?"

"धरला!" ते ओरडले. "डबा उघडला की पहिला हात तुझा. भाकरी तू संपवतोस अन् शिरा माझ्यापुढं सरकवतोस. ज्वारी गव्हापेक्षा महाग झालीय. तुझी पद्मजावहिनी ती माझ्या एकट्यापुरती आणते, बाकी घर पोळी खातं. मोजक्या दोन भाकऱ्या देते, त्याही माझ्या पोटात जाईनात. पण तुला कसं म्हणू, खाऊ नको म्हणून? अनवरीवहिनी एवढ्या मायेनं शिरा पाठवतात, तो कसा परत करू?"

या अल्लाह! माझा राग उतरायला पाहिजे होता. उलट जास्तच भडकलो.

"म्हणजे बोट गेलं तरी चालेल, पण ओवैसला नाही म्हणायचं नाही? अहो, अनवरी रोज विचारते, भाईंना शिरा आवडला का. मी रोज खोटं बोलतो. तुमच्या वाटचा शिरा रस्त्यावर कुत्र्याला घालतो. तिला काय सांगू, आपल्या हातचं त्यांना नको झालं म्हणून? मला नाही म्हणायची तुम्हाला लाज वाटली. मला हे असलं समजत बसायला लावलं, त्याची नाय वाटली?"

त्यांनी हातातला घास परत डब्यात ठेवला.

"खा आधी," मी म्हणालो. "अन् उद्या टेबलावर यायचं. सगळ्यांसमोर मला नाही म्हणायचं."

दुसऱ्या दिवशी आले. डबा उघडला, अन् मी मुद्दाम भाकरीला हात घातला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. कपाळावर घाम. धम्मपाल चावायचा थांबला. मला वाटलं, हा भिडस्त माणूस आताही गप्प राहणार, भाकरी देऊन टाकणार. सांगतो, दिली असती ना, तर पुन्हा त्यांचं तोंड बघितलं नसतं.

"हात काढ, ओवैस," ते म्हणाले. "ही माझी आहे. तुला मिळणार नाही."

मी हात काढला. डोळ्यात टचकन पाणी आलं. ते कुणाला दिसू नये म्हणून धम्मपालवरच खेकसलो, "तू काय बघून राहिला? जेव की गुमान!"