पाहुण्यांची खोली

आप्पासाहेबांना पाहुण्यांचं वेड लागलं ते पुण्याच्या एका साहेबामुळे. नगरकडच्या कर्जतजवळच आप्पासाहेबांची वस्ती. समोर काळविटांचा माळ, माळापलीकडे बोडके डोंगर. साहेब हरणं बघायला आले, चहाला थांबले आणि सांगून गेले, की परदेशात लोक घरातली खोली पाहुण्यांना देतात, रात्रीचा मुक्काम आणि सकाळची न्याहारी. झालं! लेक जयमाला लग्न होऊन श्रीरामपूरला गेलीच होती. तिची खोली रंगवली, नगरहून पलंग आणले, सडकेला पाटी ठोकली. पाटीवर आधी स्वतःचं नाव, खाली हरणाचं चित्र. हरीण थेट शेळीसारखं दिसत होतं, पण ते आप्पासाहेबांना सांगणार कोण?

पुण्यामुंबईची माणसं येऊ लागली. आप्पासाहेब त्यांना माळ दाखवत हिंडत आणि चुलीपुढे त्यांची बायको भागिरथी राबत असे. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. लोक तिच्या थालीपिठाची तारीफ करत, आणि त्याआधी तिची कुणी कसलीच तारीफ केली नव्हती.

त्या शनिवारी दुपारी जयमाला आली. हातात एक पिशवी आणि डावा डोळा काळानिळा.

"आई, आता मी परत जायची न्हाई. मारून टाकील त्यो मला."

भागिरथीनं तिला पोटाशी धरलं आणि पिशवी उचलून थेट तिच्या खोलीकडे निघाली. दारात आप्पासाहेब आडवे.

"तिकडं कुटं? सांजच्याला पाव्हणे येनार हायत."

"आवं, पोरीचा डोळा तर बघा."

"बघितला. म्हनून तर सांगतोय. पाव्हण्यांना काय तोंड दावू? ऱ्हाऊ दे तिला गोठ्यात. सोमवारी मी सोता पोचवून येतो."

कुठे पोचवणार, हे सांगायची गरज नव्हती. भागिरथीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण उभा संसार ज्या माणसापुढे मुकाट्यानं केला, त्याच्यापुढे एकाएकी जीभ वळत नाही. तिनं गोठ्यात गोधडी अंथरली.

पाहुणे म्हणजे पुण्याच्या वृषालीताई आणि त्यांचे यजमान. सकाळी माळावर काळविटांचा कळप बघून दोघं हरखून परतले आणि ओसरीवर न्याहारीला बसले. आत भागिरथी थालीपिठं लावत होती. जयमाला पदर डोळ्यावर ओढून ताटं नेत होती, कारण आईची एकटीची धावपळ तिला बघवेना.

"काका, या कोण?" वृषालीताईंनी विचारलं.

आप्पासाहेबांनी मिशीवरचं दही पुसलं. "कामाला हाय. हितलीच बाई."

भागिरथीनं ते ऐकलं. ओसरीवर जाऊन एवढंच म्हणायचं होतं, की ती माझी लेक आहे. जयमाला मागे वळली आणि आईकडे बघत राहिली. चांगली बघत राहिली, वाट बघितल्यासारखी. भागिरथीनं मान खाली घातली आणि थालीपीठ उलटलं.

"किती चुणचुणीत आहे हो!" वृषालीताई म्हणाल्या. "आमच्याकडे मुलांना सांभाळायला कुणी टिकत नाही. राहायला स्वतंत्र खोली देईन. काका, पाठवता का हिला?"

आप्पासाहेब हसायला गेले, ते हसू अर्ध्यावरच राहिलं. खरं सांगावं तर पाहुण्यांसमोर खोटं उघडं पडणार, आणि न सांगावं तर पोर हातची जाणार.

"तिच्या घरच्यांना इचारावं लागंल," ते कसंबसं म्हणाले.

"मला घरचं कुनी न्हाई, ताई," जयमाला म्हणाली. "येते मी."

तिची पिशवी अजून सोडलेलीच नव्हती. ती उचलून जयमाला पाहुण्यांच्या मारुती गाडीत मागच्या बाजूला जाऊन बसली. आप्पासाहेब ओसरीच्या खांबाला धरून उभे होते. भागिरथी पिठाच्या हातांनीच धावत सुटली आणि तिनं गाडीची काच धरली.

"जयू, उतर. आईक माझं, उतर खाली."

त्यापुढचं तेवढं एक वाक्य आताही तिच्या तोंडून फुटेना.

"मावशींनी किती जीव लावलाय तुला!" वृषालीताई कौतुकानं म्हणाल्या. "किती वर्षं होतीस गं यांच्याकडे?"

"लगीन हुईस्तवर," जयमाला म्हणाली. तिनं आईची बोटं हलकेच सोडवली आणि काच वर केली.