मायच्या यात्रेचा फ्लेक्स

फ्लेक्स मीच लावला. आदिलाबादेत कोणाचं पोरगं पास झालं, कोणाच्या म्हशीनं बक्षीस मारलं, तरी चौकात फ्लेक्स लागतो. माझी माय ताराबाई, शाळेचे वर्ग झाडून निवृत्त झालेली बाई, चर्चच्या यात्रेसोबत यरुशलेमला निघाली होती. ही यात्रा तिकडच्या लढाईपायी दोनदा पुढं ढकललेली. मग मी काऊन मागं राहू? मायचा फोटो, मागं यरुशलेम, खाली 'शुभेच्छुक : मुलगा संघपाल, मुलगी मैत्री'.

तिथंच माती खाल्ली.

आम्ही बौद्ध. बाप नागनाथ तापानं वारला तेव्हा नातेवाईक तेरवीपुरते आले. चर्चच्या बाया तीन महिने मायजवळ बसल्या. माय त्यांच्यातली झाली, पैनगंगेत बाप्तिस्मा घेतला. कागदावर मात्र बौद्धच राहिली. कारण आमच्या जातीचा माणूस बौद्ध झाला तर सरकार राखीव जागेसाठी त्याची जात धरतं, ख्रिस्ती झाला तर धरत नाही. नदीत बुडी मारली की आमचा विटाळ धुऊन जातो, असं सरकारला वाटतं. गावाला तसं कधीच वाटलं नाही.

मैत्रीची शिक्षिका म्हणून निवड झाली होती, जातीच्या दाखल्याची पडताळणी चालू होती. कोणीतरी फ्लेक्सचा फोटो काढून ऑफिसात अर्ज दिला : हे घर ख्रिस्ती आहे, पोरीचा दाखला रद्द करा.

"म्या सांगतलं होतं का रे फोटो लावाले?" माय एवढंच म्हणाली.

महसूलचा गिरदावर चौकशीला घरी आला. खाटेवर बसला, नव्या बॅगेकडं पाहिलं.

"ताराबाई, तिकडं काऊन जाऊन राह्यल्या?"

"कफर्णहूमले येशूच्या चेल्याचं, पेत्राचं घर हाये. दोन हजार वर्सांचं. काळ्या दगडाचं म्हन्ते. ते पाहाले."

"म्हणजे तुम्ही ख्रिस्ती."

मायनं मैत्रीकडं पाहिलं. मैत्री भिंतीकडं पाहत होती. नोकरी गेली तर जाऊ दे, असं ती म्हणाली नाही. मीही म्हणालो नाही.

"नाई जी," माय म्हणाली. "फिराले चालली. लोक ताजमहाल पाहाले जाते, ते का मुसलमान होते?"

गिरदावर हसला. "हेच लिहून द्या."

'मी ख्रिस्ती नाही, कधी नव्हते.' अक्षर माझं, सही तिची.

ज्यानं अर्ज दिला त्यानंच त्या जबाबाची नक्कल चर्चमध्ये पोचवली असणार. चार दिवसांनी पास्टरनं मायचं नाव यादीतून कापलं. मी भांडायला गेलो.

"लेखी आहे, संघपाल," तो म्हणाला. "मी विश्वासणाऱ्यांनाच नेतो."

"पास्टरगारू, पेत्रानं येशूले तीनदा नाकारलं, त्याच्या नावानं तुमी देवळं बांधली. मायनं एकदाच नाकारलं."

"पेत्र नंतर रडला होता."

"मंग मायले तुमच्या ऑफिसात रडाले आणू का?"

 पास्टरच्या स्वतःच्या पोराच्या दाखल्यावर कोणता धर्म लिहिलाय, ते साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. मी तेही बोललो. त्यानं फाइल मिटली आणि माझ्यासाठी प्रार्थना करतो म्हणाला.

मैत्रीचा दाखला मंजूर झाला. त्याच आठवड्यात यात्रेची बस विमानतळाकडं निघाली. मी नको म्हणत होतो, तरी माय निरोप द्यायला गेली. तिच्यासोबत एका खोलीत राहणार होती ती मालनबाई खिडकीतून वाकली. "तारा, मन खट्टू नको करू. तुह्यासाठी येशूनं बुडी घेतली त्या यार्देन नदीचं पानी आनतो बाटलीत."

"नको आनू बाई," माय म्हणाली. "पोरीची नोकरी नवी हाये. पुन्हा कोनी चौकशीले आलं, अन् बाटली घरात सापडली, तं काय सांगू?"