माझ्या मशीनवर थांबतं

भावजींनी माझ्या पानावर तिसऱ्यांदा तोच शेरा मारला: "चूक. थांबतं."

भावजी म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. घरी आम्ही एकाच टेबलावर जेवतो आणि ऑफिसात दोन टेबलं सोडून बसतो. कंपनीचं बिल्ड टूल त्यांनीच लिहिलेलं. शेकडो तुकडे जोडून त्यांचा एक चालता प्रोग्राम करणारं हे टूल कमांड टाइप करून चालवतात. कमांडपुढे जोडायच्या पर्यायांची माहिती मात्र इतकी त्रोटक होती की ती वाचून लोक आणखी गोंधळायचे. ती स्पष्ट लिहायला मला घेतलं होतं, तूर्त तात्पुरतं. पानं तपासायची भावजींनी. महिनाअखेर ती पास झाली नाहीत तर मला घरी बसावं लागणार होतं.

सगळं अडलं होतं 'कीप-गोइंग' या एका पर्यायावर. मी लिहिलं होतं: "एखादा तुकडा मोडका निघाला तरी टूल थांबत नाही. त्यावर अवलंबून नसलेले बाकीचे तुकडे जोडत राहतं." लिहिण्याआधी मी मुद्दाम एक तुकडा मोडून पाहिला होता. टूल पुढे गेलं. प्रत्येक शेऱ्यानंतर पुन्हा पाहिलं. प्रत्येक वेळी पुढे गेलं.

"भावजयीला वशिल्याने आणलं, असं कँटीनमध्ये बोलतात," शेजारची टेस्टर म्हणाली. "तुला नापास केलं की ते सुटले. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही."

"साप मी का?"

"मग काय, काठी?"

मी हसले, पण बोलणं डोक्यात राहिलं. रात्री घरी जेवताना भावजी म्हणाले, "लिहिण्याआधी चालवून पाहत जा."

"पाहिलंय."

"मग नीट पाहिलं नसशील."

वहिनी, म्हणजे माझी थोरली जाऊ, वाढता वाढता म्हणाली, "ते टूल राहू दे ऑफिसात. इथे कोणी मोडलं तरी बाकीच्यांनी जेवत राहायचं." कोणी हसलं नाही.

भावजी मला पाण्यात पाहतात, हे आता मला जवळजवळ पटलं होतं. माझ्या नकळत ते टूलच बदलत असतील का? त्यांनी शेऱ्यासोबत टूल चालवल्याची नोंद जोडली होती. तिच्यातला आवृत्तीचा आकडा माझ्याकडच्या टूलशी तंतोतंत जुळला. नोंद हाताने बदलता येते, हेही मनात येऊन गेलं. पण कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक शिकले होते: रसायन तेच, कृती तीच आणि रंग वेगळा आला, तर आधी भांडं बघायचं. इथे भांडं म्हणजे भावजींचं मशीन.

दुपारी ते चहाला गेले. स्क्रीन उघडीच होती. मी त्यांच्या खुर्चीत बसले, एक तुकडा मोडला आणि कमांड दिली. टूल पहिल्याच चुकीला थांबलं.

"काय शोधतेस?" भावजी मागे उभे होते, हातात कप.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. "तुम्ही मुद्दाम खोटा शेरा मारताय असं वाटलं होतं."

"आणि आता?"

"इथे थांबतंच."

"झालं तर मग. ऊठ."

मी उठले. "माझ्याकडे थांबत नाही. कुठली सेटिंग कुठून आली ते दाखवायला सांगा ना टूलला. तुम्हीच टाइप करा."

त्यांनी कप ठेवला आणि उभ्यानेच टाइप केलं. लांबलचक यादीत एक ओळ होती: चुकांची मर्यादा, एक. ती येत होती त्यांच्या होम फोल्डरमधल्या, म्हणजे मशीनवरच्या त्यांच्या खाजगी फोल्डरमधल्या, एका लपलेल्या सेटिंग फाइलमधून. मर्यादा एक म्हणजे पहिल्याच चुकीला थांबायचं, मग 'कीप-गोइंग' लावा नाहीतर लावू नका.

भावजींनी आधी स्क्रीनकडे पाहिलं, मग खुर्चीकडे, मग माझ्याकडे.

"हे तू आत्ता घातलंस?"

मी चोर नव्हते, पण बसले होते चोरासारखीच. "फाइलची तारीख बघा."

त्यांनी पाहिली. माझ्या लग्नाच्याही आधीची होती.

"मशीन बदललं की होम फोल्डर उचलून जसाच्या तसा नव्यावर ठेवतो," ते हळू आवाजात म्हणाले. "टूल लिहिताना कधीतरी घातलं असणार मीच."

"मग माझं पान बरोबर."

"नाही. अपुरं आहे. टूल लिहिणारा फसला, तर वाचणारा फसणार नाही कशावरून?"

ते खरंच होतं, आणि त्याचाच राग आला. जागेवर जाऊन मी पानात भर घातली: "हा पर्याय लावूनही टूल थांबत असेल, तर चुकांची मर्यादा तपासा. ती तुम्ही विसरलेल्या जुन्या सेटिंग फाइलमधूनही येत असेल." खाली ती तपासायची कमांड दिली.

संध्याकाळी पान परत आलं. शेरा होता: "चालेल." महिनाअखेर मला कायम केलं.

पण पान पास झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी चहाला उठताना भावजींनी स्क्रीन लॉक केली. दारापर्यंत जाऊन परत आले आणि खरंच लॉक झालीय का ते पाहिलं.

ते गेल्यावर मीही माझी केली.