आरोपीची खुर्ची

पाहुण्यांसमोर नमुना पाठ घ्यायचा म्हटला की सगळ्या शाळेच्या अंगात येतं. भिंती पुसल्या जातात, मुलांनी कधी हसायचं तेही शिकवलं जातं. सातवीच्या बाईंनी तर हक्क शिकवायला वर्गातच कोर्ट उभं केलं होतं. विषय असा, की बाजू ऐकून घेतल्याशिवाय कुणालाही शिक्षा करता येत नाही. एक धीट मुलगी न्यायाधीश झाली, दोन बडबडे वकील झाले. खटला घड्याळचोरीचा, पण आरोपी व्हायला मात्र कुणी तयार होईना. मग बाईंनी गप्पूला बसवलं. कधी तोंड न उघडणाऱ्या त्या पोरीला वर्ग याच नावाने हाक मारायचा. आरोपीला नुसतं मान खाली घालून बसायचं होतं, म्हणजे पाठांतराची भानगड नाही.

एका तालमीत न्यायाधीश मुलीची कंपासपेटी खरोखरच सापडेना. सगळ्यांची बोटं आपोआप आरोपीच्या खुर्चीकडे वळली. पाठ तोंडावर आलेला, बाईंना घाई. त्यांनी काही न विचारता गप्पूचं दप्तर सगळ्यांसमोर टेबलावर उपडं केलं. वह्या, डबा, विरलेला स्वेटर. पेटी नव्हती, ती नंतर खिडकीत पडद्यामागे मिळाली. "बरं, जा, बस," एवढं म्हणून बाईंनी तालीम पुढे रेटली.

दुसऱ्या दिवसापासून गप्पू आलीच नाही.

चित्रकलेच्या सरांनी बाईंना शिक्षकांच्या खोलीत गाठलं. "कोर्टात सगळ्यांना वाक्यं दिलीत. तिला एक तरी दिलंत का?"

"अहो सर, तो खेळ होता."

"दप्तर खेळातलं नव्हतं, बाई. पोरं पाठ विसरतील, ते नाही विसरणार."

बाईंना आधी राग आला, मग लाज वाटली. संध्याकाळी त्या गप्पूच्या घरी गेल्या. आईने दार अर्धंच उघडलं. सगळे चोर म्हणतात म्हणून पोरगी शाळेचं नाव काढू देत नाही, तिला आता मावशीकडे शिकायला ठेवणार, असं तिने सांगितलं. निदान माफी मागायला आत येऊ का, असं बाईंनी विचारलं.

"थांबा, तिला विचारते."

आई आत जाऊन आली. "नको म्हणते," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

नमुना पाठाच्या दिवशी पाहुणे मागच्या बाकांवर बसले. बाई सरळ आरोपीच्या खुर्चीत जाऊन बसल्या. "आज आरोपी मी आहे. गप्पूला न विचारता मी तिला चोर ठरवलं. चालवा खटला." मुख्याध्यापकांचा चेहरा उतरला. न्यायाधीश मुलगी चाचरत म्हणाली, "आरोपीला काही सांगायचंय का?"

हा प्रश्न तालमीत नव्हताच.

बाईंना रडू आवरेना. "मला काही सांगायचं नाही. पण हेच तिला विचारायला हवं होतं!"

गप्पू मावशीच्या गावाला निघून गेली. मंडळी, घरात, कचेरीत, वर्गात बोट रोखायला आपल्याला जराही वेळ लागत नाही. त्याआधी विचारू या, आणि उत्तर येईपर्यंत थांबू या. हक्काची सुरुवात तिथूनच होते. त्या वर्गात आता असंच करतात. गप्पूला मात्र ते अजून कळलेलं नाही.