तेलाने सैल, पान्याने घट्ट

मित्रांनो, मी अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या एका घरातली जुनी अर्धस्वयंचलित रायफल आहे. ब्रॅनॉक कंपनीची. चाप ओढला की एक गोळी सुटते आणि दुसरी आपोआप नळीत येऊन बसते. माझा दस्ता अक्रोडाचा, बाकी सगळं पोलाद. अंगाने म्हणाल तर धष्टपुष्ट.

माझा मालक लॉईड गेला आणि मी त्याच्या बायकोकडे, व्हर्नाकडे आले. तिचा खांदा दुखरा. माझा धक्का कमी, म्हणून आमचं जमलं. तिने मला कधी भिंतीवर मिरवलं नाही. रिकामी करून कुलपात ठेवलं.

शिकारीच्या मोसमाआधी गावातले सगळे मैदानावर येऊन आपापल्या बंदुकांचा नेम तपासतात. यंदा तिचा दीर ड्वेन नवी कोरी केल्डन रायफल घेऊन आला होता. प्लास्टिकचा दस्ता, पावसात फुगत नाही; नळी दस्त्याला कुठे टेकत नाही, म्हणून नेम ढळत नाही; जोड असे की नखही शिरणार नाही. खोटं कशाला बोलू, मला हेवा वाटला.

व्हर्नाने माझ्यातून आणि ड्वेनने केल्डनमधून तीन-तीन गोळ्या झाडल्या. थांबायची घंटा झाली, सगळ्यांनी बंदुका रिकाम्या करून ठेवल्या आणि सगळे निशाणाचे कागद बघायला गेले. केल्डनची तीन भोकं पाव डॉलरच्या नाण्याखाली झाकली गेली. माझी ताटभर पसरली होती.

"वहिनी, ही बंदूक नव्हे, मळणीयंत्र आहे," ड्वेन म्हणाला. "आजच दुकानात देऊन टाक, मी दुकानदाराला सांगून ठेवलंय. बदल्यात माझ्या केल्डनसारखी घे."

व्हर्ना हसली नाही. "लॉईडची आहे रे. पण असल्या नेमाने मी रानात जायची नाही. हरीण जखमी होऊन तडफडत पळालं, तर मला जेवण जाईल का?"

माझ्या पोलादाला घाम फुटला. तिचं बरोबर होतं, हेच वाईट होतं.

मला पिशवीत घालताना तिने माझ्यावर बसवलेल्या नेमाच्या दुर्बिणीला हात लावला आणि दुर्बीण चक्क डुलली.

"ड्वेन, गेल्या आठवड्यात हिला साफ कोणी केलं?"

"मीच. मस्त तेल पाजलंय! एक स्क्रू सोडला नाही."

"अरे शहाण्या, दुर्बिणीच्या स्क्रूंनाही? ते कोरडे आवळायचे असतात! बायकोच्या चष्म्यालाही तेल लावतोस की काय?"

ड्वेनचे कान लाल झाले. त्याने स्क्रू पुसले, पान्याने आवळले. पुन्हा तीन गोळ्या. तिन्ही मध्यापासून वीतभर डावीकडे, पण एकमेकींना खेटून! मित्रांनो, नेमबाज आधी भोकं किती जवळजवळ पडली ते बघतात. दुर्बिणीची कळ फिरवून जागा बदलता येते. विखुरलेल्या गोळ्या मात्र कळ फिरवून जवळ येत नाहीत.

व्हर्नाने भोकांवर नाणं ठेवलं. एक भोक कडेने डोकावत होतं.

"माझीच सरस," ड्वेन पुटपुटला.

"असू दे की. हरणाला नाण्याएवढा फरक कळत नाही," ती म्हणाली. कळ फिरवून तिने नेम मधोमध आणला आणि तेव्हा कुठे तिचे खांदे सैल पडले. "दुकानदाराला फोन कर, म्हणावं वहिनी येत नाही."

मी सुटले, मित्रांनो! एवढंच मागणं आहे. जुनी वस्तू बिघडली वाटली तर टाकण्याआधी तिला जरा हलवून बघा, काय सैल झालंय ते. आणि माया करायचीच असेल, तर कुठे तेल घालायचं नाही हेही शिकून घ्या.